स्टेशनमागच्या ओळीतल्या शेवया

जिनिंगचा हंगाम होळीला संपायचा. कापसाच्या गाड्या यायच्या थांबत, कारखान्याचं फाटक लागे, आणि पांढुर्ण्याच्या स्टेशनमागच्या घरांच्या ओळीत देवीदास सोमकुवर अंगणातल्या बाजेवर बसून आपले नट कसायचे पाने तेलानं पुसत राही. जिनिंगमध्ये तो फिटरच्या हाताखाली होता. हात गुणी होता, पण काम दिवाळी ते होळी एवढंच. बाकीचे महिने कोणाचा पंप बसवून दे, कोणाच्या छकड्याचा आख सरळ कर, असे जात.

त्याची बायको चंद्रकला उंच, सडसडीत, कमी बोलणारी बाई. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं आणि मग आपलं एकच वाक्य बोलायचं, अशी तिची रीत होती. ऐंशी सालानंतरचा एखादा उन्हाळा असेल. ती बहिणीकडे काटोलला लग्नाला गेली आणि पॅसेंजरनं परत आली ती डोक्यात एक गोष्ट घेऊनच. हातपाय धुतले, चहा ठेवला आणि देवीदासला म्हणाली, "काटोलले एक बाई मोटरीवर शेवया काढून राहिली. बायकाईची ही रांग. तुमाले मशीन कळते, मले पीठ कळते. दोघांचं मिळून जमन नाही का?"

देवीदासनं चहा संपवला. दुसऱ्या दिवशी तो नागपूरच्या गाडीत बसला.

तोवर ओळीतल्या साऱ्या बाया शेवया हातानं करत. वैशाखाच्या उन्हात पाटावर बसून पिठाची वळी ओढायची, दुमडायची, पुन्हा ओढायची. चार घरच्या बाया एकमेकींकडे आळीपाळीनं जात तेव्हा कुठं वर्षाच्या शेवया होत. मान मोडून येई, बोटांची साल निघे. चंद्रकलेनं लहानपणापासून ते केलं होतं आणि तिला ते आवडायचंही. पण आवडतं म्हणून मान दुखायची राहत नाही.

देवीदासनं मशीनचा सांगाडा नागपुरातून आणला, मोटर रसवंती बंद पडलेल्या एकाकडून मिळवली आणि पुढच्या खोलीत लाकडी ठोकळ्यांवर सगळं बसवलं. वरून पिठाचे गोळे सोडायचे, खाली पितळी जाळीतून बारीक धार उतरायची. ती धार चंद्रकला बांबूच्या काडीवर अलगद झेले, कात्रीनं कापे आणि काडी अंगणातल्या दोरीवर नेऊन टाके. उन्हात तासाभरात शेवया खडखडीत. मग धुतलेलं लुगडं अंथरलेल्या बाजांवर त्या पसरायच्या आणि जिच्या तिच्या डब्यात भरायच्या.

पहिल्यांदा आल्या त्या बौद्धपुऱ्यातल्या बाया. चंद्रकलेची जाऊ इंदू त्यांना घेऊन आली. मग रेल्वेच्या चाळीतल्या आल्या. ओळीतल्या बायांनी मात्र एक उन्हाळा नुसतं पाहून घेतलं. ओळीत नाना तऱ्हेची घरं होती. मास्तर, रेल्वेचे खलाशी, संत्र्याचे एक-दोन दलाल. बौद्धांचं घर सोमकुवरांचं एकटंच. कोणी वाईट वागत नव्हतं. सणाचं ताट मात्र इकडचं तिकडं जात नव्हतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारची नलिनी आली. शेजारचं घर बापूजी कळंबे यांचं. बापूजी पटवारी होते, नुकतेच रिटायर झालेले. नलिनी त्यांची सून, रवींद्र मास्तरची बायको. ती मागच्या दारानं आली, पिठाचा डबा पदराखाली.

"सासूबाई म्हणतात गावात नवी मशीन निघाली, तिच्यावर जाय. तिकडं उन्हात कोण जाईल, ताई? तुम्ही काढून द्या. मी सांगीन तिकडूनच आणल्या म्हणून."

चंद्रकलेनं डबा घेतला. "शेवया काढून देतो. खोटं तुमचं तुम्ही बोला."

नलिनी हसली. ती नेहमी यायला लागली. आधी मागच्या दारानं, पुढं समोरच्या. चहाही घ्यायला लागली. तिच्यामागं ओळीतल्या बाकीच्या बाया आल्या, आणि त्या उन्हाळ्यात सोमकुवरांच्या अंगणात पहाटेपासून डबे मांडलेले असत. ज्या बाया एरवी विहिरीवर एकमेकींशी दोन शब्द बोलून निघून जायच्या, त्या इथं तासन् तास बसत. कोणाची पोरगी पाहायला आले, कोणाच्या सासऱ्याला दमा झाला, कोणाचा भाऊ भोपाळला लागला, सगळं इथंच कळे. चंद्रकलेचे हात धारेखाली असत आणि कान अंगणात. तिला स्वतःला बोलायची फार गरज पडत नसे.

यात एकच अडचण होती, आणि ती बापूजींच्या छताला टांगलेली होती.

रिटायर झाल्यावर बापूजींनी घरात पंखा बसवला होता. चाळीस वर्षं उन्हातान्हात शेतं मोजत फिरलेला माणूस. आता दुपारी जेवून पंख्याखाली पडायचं, एवढं एक सुख त्यांनी स्वतःसाठी ठरवलं होतं. पण ओळीला वीज आधीच दुबळी. चंद्रकलेची मोटर सुरू झाली की बल्ब लाल पडत आणि बापूजींचा पंखा कण्हत कण्हत फिरे. ऐन वैशाखाच्या दुपारी त्याची पाती मोजता येत.

बापूजी आधी कुंपणाशी आले. "देवीदास, तुमच्या मशीनीनं आमचा पंखा मरते."

"पाहतो जी," देवीदास म्हणाला. त्यानं खरंच पाहिलं. तारा बदलल्या, पट्टा सैल केला, तेल घातलं. पण विजेचं दुबळेपण काही त्याच्या पान्यानं कसलं जाण्यासारखं नव्हतं. बापूजी आणखी दोनदा आले. मग आले नाहीत. त्यांनी नगरपालिकेत अर्ज दिला.

नोटीस घेऊन नत्थूजी आला. नगरपालिकेचा चपराशी, गावातल्या प्रत्येक घराला ओळखणारा. त्यानं सायकल भिंतीला लावली, अंगणातल्या बाया पाहिल्या आणि ओशाळून कागद पुढं केला. पांढुर्णा मध्य प्रदेशात, म्हणून नोटीस हिंदीत होती. घरात सातवीत शिकणारी शोभा, चंद्रकलेची मुलगी. तिनं वाचून दाखवली. वस्ती राहण्याची आहे, तिथं परवानगी न घेता विजेच्या मोटरीवर धंदा चालतो, तो थांबवावा आणि कार्यालयात हजर व्हावं, असा मजकूर होता.

"बाई, आता काय करतं वं?" इंदूनं विचारलं.

चंद्रकलेनं मोटरीचं बटन बंद केलं. मशीन थांबल्यावर अंगणात एकदम किती शांत झालं ते तिच्या लक्षात आलं. तिला राग आला होता, पण कोणावर ते तिलाच नीट सांगता येईना. पंखा मंदावतो हे खोटं नव्हतं.

कार्यालयात साहेब छिंदवाड्याकडचे होते. त्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं. "देखो बाई, शेवया से मुझे कोई दिक्कत नहीं. लेकिन मोहल्ला रहने का है. मोटर लगी तो वो कारखाना हो गया. परवाना मिलेगा, पर आजू-बाजूवालों की सहमती लानी पड़ेगी. जिसने शिकायत की है, उसकी तो पहले."

चंद्रकलेनं एकच विचारलं. "और हाथ से चलाया तो?"

साहेबांनी कागदावरून डोळे वर केले. "हाथ से? हाथ से तो घर का काम हुआ. उसमें हम क्या बोलेंगे?"

परत येताना ती सरळ बापूजींच्या घरी गेली. बापूजी ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं; ती पायरीशी उभीच राहिली. सहीचं तिनं एकाच वाक्यात सांगितलं.

बापूजींनी चष्मा काढला. "हे पाहा, माझं तुमच्याशी वैर नाही. जमिनीत मी कोणाचं एक हात इकडचं तिकडं होऊ दिलं नाही. नियम म्हणजे नियम. वस्ती ही राहाची जागा आहे. उद्या कोणी आरागिरणी टाकीन, कोणी लोहारकाम करीन. मग? आणि तुम्ही अमुक आहात म्हणून म्हणतो, असंही काही समजू नका."

चंद्रकलेनं तसं काही विचारलं नव्हतं.

"दुपारी बंद ठेवतो," ती म्हणाली. "तुमची झोप होईस्तोवर."

"आज म्हणता. उद्या कोणाची लग्नाची घाई असली की दुपारीही चालू करान. नाही, माझी सही होणार नाही."

आत दाराच्या चौकटीत यमुनाबाई उभ्या होत्या, बापूजींच्या पत्नी. ठेंगणी, गोरी, कपाळावर मोठं कुंकू, आणि ओळीतल्या सगळ्यांना धाक वाटावा अशी नजर.

घरी आल्यावर चंद्रकलेनं देवीदासला साहेबांचं बोलणं सांगितलं. देवीदास उठला आणि भंगाराच्या दुकानात गेला. तिथून त्यानं जुन्या कुट्टी मशीनचं, म्हणजे गुरांसाठी कडबा कापायच्या यंत्राचं, भलंमोठं लोखंडी चाक आणलं. त्याला दोन्ही बाजूंनी दांडे लावले, मोटर काढून बाजूला ठेवली आणि चाक मशीनला जोडलं. दोघी बाया समोरासमोर उभ्या राहून फिरवतील तर धार यायची. मोटरीइतकी जोमात नाही, पण यायची.

दुसऱ्या दिवशी अंगणात जमलेल्या बायांना चंद्रकलेनं सांगितलं, "मोटर बंद झाली. जिच्या शेवया, तिनं चाक फिरवाचं. जमत असन तर थांबा, नाही तर गावात जा. मले राग नाही येणार."

एकही गेली नाही.

तो उन्हाळा पुढं ओळीतल्या बायांच्या बोलण्यात कितीतरी वर्षं येत राहिला. पहिल्या दिवशी दोघींनी चाक फिरवलं आणि खांदे धरून खाली बसल्या. मग ठरलं की जिची पाळी तिच्यासोबत बाकीच्यांनीही हात लावायचा. नलिनी आणि इंदूची जोडी चांगली जमे. एक शाळामास्तरची बायको, एक निंदण-खुरपणाला जाणारी, पण दोघींची उंची सारखी. चाक फिरताना कोणी गाणं म्हणे. बौद्धपुऱ्यातल्या बाया बाबासाहेबांची गाणी म्हणत, ओळीतल्या बाया जात्यावरच्या ओव्या. दोन्हींची चाल चाकाशी जुळे. शोभा काड्या दोरीवर नेऊन टाके. हवेत ओल्या पिठाचा आणि तापलेल्या मातीचा वास भरलेला असे.

आता काम सावकाश होई, म्हणून बायका जास्त वेळ थांबत. सकाळी आलेली दुपारीही तिथंच असे. बापूजींचा पंखा भरधाव फिरू लागला, पण त्यांच्या खिडकीबाहेर दहा-पंधरा बाया बसलेल्या, हसणाऱ्या, गाणाऱ्या, मध्येच लेकरांवर ओरडणाऱ्या. चाक तेल मागे तेव्हा किंचाळायचं ते वेगळंच. एकदा बापूजी खिडकीत येऊन उभे राहिले. बायांनी पदर सारखे केले. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि खिडकी लावून घेतली. खिडकी लावल्यावर पंख्याचा वारा गरम झाला. नगरपालिकेच्या नियमात बायकांच्या बोलण्याला परवाना लागत नव्हता.

हे सगळं असंच चाललं असतं. पण बापूजींच्या छायाचं, त्यांच्या धाकट्या मुलीचं, लग्न जमलं. तिथी वैशाखातलीच निघाली. पाहुणे अमरावतीकडचे, मोठ्या घरचे. रुखवतात शेवया, कुरड्या, सगळं नजरेत भरेल असं ठेवायचं होतं. आणि गावातल्या ज्या मशीनवर यमुनाबाई जात, तिथल्या बाईच्या घरात ऐन वेळी कांजिण्या निघाल्या. मशीन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाई समोरच्या दारानं सोमकुवरांच्या अंगणात आल्या. मागं नलिनीच्या डोक्यावर पिठाची परात होती. यमुनाबाईंच्या हातात पितळेचा तांब्या. पीठ भिजवायचं पाणी त्यांनी घरून आणलं होतं.

चंद्रकलेनं तांब्या पाहिला. इंदूनंही पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. चंद्रकलेनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

"रुखवताच्या आहेत," यमुनाबाई म्हणाल्या. "बारीक पायजे. केसासारख्या."

"बारीक जाळीले जोर लागते, मावशी. चाक जड जाते."

"मग जाऊ दे जड. मी फिरवीन."

"तुम्ही कायले? नलिनीबाई आहेत नं."

"पोरगी माझी आहे," यमुनाबाई म्हणाल्या आणि पदर खोचून दांड्याला हात घातला.

समोरच्या दांड्याला इंदू होती. दोघींनी चाक फिरवायला सुरुवात केली. बारीक जाळीतून धार उतरली ती इतकी मऊ आणि नाजूक की चंद्रकलेला श्वास रोखून काडी लावावी लागे. यमुनाबाई साठीला आलेल्या. घाम डोळ्यांत उतरला, कुंकू ओघळलं, पण त्यांनी हात सोडला नाही. इंदूच्या कपाळावरची आठी केव्हा गेली ते तिलाही कळलं नसेल. ती हळूच म्हणाली, "मावशी, जोर नका लावू. मी ओढतो. तुम्ही नुसता हात ठेवा."

दोन दिवस हे चाललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यमुनाबाई बाजेच्या काठावर टेकल्या. खांदा दाबत त्यांनी मशीनकडे पाहिलं, बाजूला पोत्याखाली झाकलेल्या मोटरीकडे पाहिलं.

"हे तू रोज करून राहिली?"

"आम्ही साऱ्याजणी करतो, मावशी."

"आणि थे मोटर नुसती पडली आहे."

"हाव."

यमुनाबाई उठल्या. जाताना तांब्या न्यायला त्या विसरल्या नाहीत.

त्या रात्री कळंब्यांच्या घरात काय झालं ते नलिनीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. सासूबाईंनी जेवण वाढलं आणि बापूजी जेवायला बसल्यावर म्हणाल्या, "सही करून द्या." बापूजींनी नियम सांगितला. यमुनाबाई म्हणाल्या, "नियमात सहीचीबी जागा आहे नं? मग तुमाले नियमातच राहाचं आहे, तर सही करा." बापूजी ताटातला भात चिवडत राहिले. एवढं सांगून नलिनी पोट धरून हसली.

सकाळी बापूजी स्वतः आले. कुंपणाशी नाही, फाटकातून आत. काखेत छत्री, जणू कुणाच्या शेताची मोजणी करायला निघालेत. त्यांनी अंगण पाहिलं, दोऱ्या पाहिल्या, बाजा पाहिल्या.

"मशीन सकाळी चालवा. अकरा वाजले की बंद. पुन्हा चारनंतर," ते म्हणाले. "बाजा नालीच्या इकडं. रस्त्यावर एकही नाही. बैलबंडी निघाली पायजे. शाळेच्या परीक्षा असतील तेव्हा पोराईच्या अभ्यासाच्या वेळी बंद. आणि मीटर वेगळं घ्या, म्हणजे आमच्या तारेवर भार नाही येणार. कबूल?"

"कबूल," चंद्रकला म्हणाली. यातलं पहिलं तर तिनं स्वतःच आधी सांगितलं होतं. ते तिनं बोलून दाखवलं नाही.

"पण नगरपालिकेत मी येणार नाही," बापूजी म्हणाले. "मी दिलेला अर्ज मीच मागं घ्याले जाऊ, बरं नाही दिसत. ही येईन. घर हिच्याही नावावर आहे."

म्हणून यमुनाबाई आणि चंद्रकला, दोघी पायी नगरपालिकेत गेल्या. ऊन चढलेलं. बाजारातल्या लोकांनी माना वळवून पाहिलं, कारण त्या दोघींना कोणी कधी एकत्र चालताना पाहिलं नव्हतं. साहेब यायचे होते. बाकावर बसल्यावर नत्थूजीनं माठातलं पाणी आणून दिलं. आधी चंद्रकलेला, मग त्याच गिलासात यमुनाबाईंना. यमुनाबाईंनी गिलास हातात घेतला, क्षणभर धरला आणि पिऊन टाकला. चंद्रकला भिंतीकडे पाहत राहिली.

साहेब आले आणि त्यांनी यमुनाबाईंना हरकतीचं विचारलं. "माताजी, आपको कोई आपत्ती तो नहीं?"

"आपत्ती कायची?" यमुनाबाई म्हणाल्या. "मेरे लडकी का रुखवत इसी मशीनपर हुआ. मोहल्ले की बाई है, मोहल्ले का काम करती. हमारा आपस में ठहर गया है, दोपहर को बंद रखती. तुम परवाना दे दो."

साहेब हसले आणि त्यांनी सहीसाठी कागद यमुनाबाईंपुढं सरकवला.

परवाना आला, मीटर आलं, मोटर पुन्हा ठोकळ्यांवर चढली. पुढची पाच-सहा वर्षं उन्हाळा म्हटलं की स्टेशनमागची ओळ, असं पांढुर्ण्यात झालं. तिगावच्या बाया पॅसेंजरनं यायच्या. पिठाचे डबे डोक्यावर, लेकरं कडेवर. गाडी उशिरा आली आणि अकरा वाजून गेले, तर त्या चारपर्यंत निंबाखाली पसरत, भाकरी सोडत आणि झोपत. कोणी कुरकुरलं तर ओळीतलीच एखादी बाई सांगे, "इथला नियम आहे. दुपारी बंद म्हणजे बंद." सांगताना तिच्या आवाजात थोडा तोरा असे. ओळीत पुढं एकीनं शिवणाचा क्लास काढला, अलका नावाच्या एका पोरीनं टायपिंगचं मशीन बसवलं, तर त्यांनाही हाच नियम लागू झाला. नगरपालिकेनं तो कधी लिहिला नव्हता, पण दुपारी त्या ओळीत टाचणी पडली तरी ऐकू येई.

यमुनाबाई दर उन्हाळ्यात येत. बाजेवर बसत, बायांना कामाला लावत, कोणाचं पीठ सैल झालं ते बोटानं दाबून सांगत. चंद्रकलेच्या बाजूनं त्या दोनदा तरी भांडल्या, एकदा तर विजेच्या माणसांशी. पण चंद्रकलेच्या घरचं पाणी त्या कधी प्यायल्या नाहीत. तहान लागली की, "येतो वं जरा," म्हणून उठत आणि घरी जाऊन पिऊन येत. नलिनीला याची लाज वाटे, इंदूला राग येई. चंद्रकलेनं दोन्ही गोष्टी मनात ठेवल्या, सहीही आणि तांब्याही. एकीनं दुसरी पुसून टाकावी असं तिला कधी वाटलं नाही, आणि पुसली गेलीही नाही.

सत्त्याऐंशीच्या वैशाखात बापूजी गेले. ऐन हंगाम, अंगणात डबेच डबे. चंद्रकलेनं मोटरीचं बटन बंद केलं आणि बायांना सांगितलं, तेरवीनंतर या. त्या वर्षी पुष्कळ घरच्या शेवया मग झाल्याच नाहीत. तेरवीनंतर ढग यायला लागले होते. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी यमुनाबाई कुंपणाशी आल्या. कपाळ मोकळं, चेहरा लहान झालेला.

"चालू कर वं मशीन. दुपारीबी कर आता. झोपणारं कोणी नाही."

"राहू द्या, मावशी," चंद्रकला म्हणाली. "आता माझीच झोपेची सवय झाली."

हे खोटं नव्हतं. त्या पाच-सहा वर्षांत अकरा ते चार सगळी ओळच झोपायला शिकली होती.

त्यानंतर हंगाम हळूहळू बारीक होत गेला. किराणा दुकानात प्लास्टिकच्या पुड्यांत तयार शेवया आल्या. लग्नातली रुखवतं स्टीलच्या भांड्यांनी भरू लागली. तिगावच्या बाया येईनाशा झाल्या. नलिनी मात्र येत राहिली, रवींद्रची बदली होईपर्यंत. चंद्रकलेनं धंदा बंद केला असा काही दिवस उगवला नाही. दर फाल्गुनात देवीदास मशीन खोलून पुसे, तेल घाली, आणि मग एक-दोन घरचं काम होऊन ती पुन्हा पोत्याखाली जाई. एका फाल्गुनात त्यानं पुसली नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

शोभाचं लग्न सौंसरला झालं. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात तिच्या बाळंतपणासाठी चंद्रकला तिकडं जाऊन राहिली. संत्र्याच्या बागांमधलं घर, विहिरीचं थंड पाणी, करायला फारसं काम नाही. नातीला मांडीवर घेऊन ती दुपारी ओसरीवर बसे. कधी डोळा लागे. एका दुपारी कुठल्या तरी घरातून चाकाच्या किंचाळण्यासारखा आवाज आला आणि ती एकदम जागी झाली. रहाटाचा आवाज होता, कोणी विहिरीवर पाणी काढत होतं.

शोभानं विचारलं, "काय झालं, माय?"

"काही नाही," चंद्रकला म्हणाली. मग थोड्या वेळानं, नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत, आपणहून बोलायला लागली. "तुले आठवते का वं, थ्या उन्हाळ्यात आपण चाक फिरवत होतो? इंदूकाकू आणि नलिनीबाई समोरासमोर. हसून हसून दोघी चाकच सोडून देत. मोटरीवर इतकं काम झालं, पण थ्या वर्षीच्या शेवयांसारख्या पुन्हा नाही उतरल्या."

"मोटरीच्या बारीक यायच्या, माय. तूच म्हणत होतीस."

"हाव. बारीक येत," चंद्रकला म्हणाली, आणि कितीतरी वेळ त्या एका उन्हाळ्याबद्दल सांगत राहिली. एवढं बोलताना शोभानं तिला कधी पाहिलं नव्हतं. बाहेर बागेत ऊन उतरायला लागलं, नात जागी होऊन रडायला लागली, तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं.